मलमलची कव्हरं

तुमच्या घरातला, गल्लीतला एखादा माणूस कंपनीनं कामासाठी परदेशात पाठवला आणि तो तिथं यशस्वी झाला, असं तुम्ही म्हणता तेव्हा नेमकं कोणाचं काय साधलेलं असतं?

उत्तराची घाई नाही. मलाही दोन पावसाळे लागले.

दिवाळी सरली की हिंगणघाटची हवा बदलते. सकाळी वेणा नदीवरून गार वारा येतो आणि त्याच्या मागोमाग सरकीचा वास, तेलकट, कोमट, किंचित आंबट. जिनिंग सुरू झाल्याची ती वर्दी असते. शेतातला कापूस इथं येतो, मशीनच्या रोलरमधून जातो, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. या दोन्हींत न गेलेलं जे काही उरतं ते हवेत राहतं. बारीक, पांढरं, वजन नसलेलं. ते बाभळीच्या काट्यांवर बसतं, विजेच्या तारांवर लोंबतं, रस्त्याकडेला झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर साचतं. हायवेनं जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढतात. ‘बर्फ पडल्यासारखं दिसतं ना!’ असं म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. हो, दिसतं. तेच बर्फ माझ्या आईच्या छातीत बसलं आहे आणि ते कुठल्याच उन्हाळ्यात वितळत नाही.

आईनं उमेदीची सगळी वर्षं जिनिंगच्या शेडमध्ये काढली. मशीनच्या तोंडाशी उभं राहायचं आणि कापूस पुढे सारत राहायचा. तोंडावर लुगड्याचा पदर. घरी आली की आधी अंगणात उभी राहून केस झटकायची, मग पदर, मग भुवया. तिच्या पापण्यांवर पांढरी बारीक लव असायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया संध्याकाळी म्हाताऱ्या होऊन घरी येतात आणि तोंड धुतल्यावर पुन्हा तरुण होतात. पुढे पुढे तोंड धुऊनही ती तरुण होईनाशी झाली. खोकला आधी हंगामापुरता असायचा. नंतर तो बारमाही झाला. मग तिला काम झेपेना, तेव्हा साहेबांनी मेहेरबानी केली आणि तिची जागा तिच्या सुनेला दिली. तीच शेड, तेच मशीन, तीच उभं राहायची जागा. आमच्याकडे अशी वारसाहक्कानं मिळालेली जागा लोक भाग्याची समजतात.

बाबा गिरणी कामगार होते. गिरणी चालू होती तोवर संघटनेच्या पत्रकांच्या घड्या आमच्या घरात घातल्या जायच्या. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. शाईचा वास अजून नाकात आहे. बाबा म्हणायचे, पत्रकाची पहिली ओळ प्रश्न असावी, शेवटची ओळ विनंती असावी आणि मधल्या जागेत खोटं लिहू नये. आता बाबा नाहीत, गिरणीही नाही. शिरस्ता तेवढा उरला आहे.

माझा मोठा भाऊ प्रशांत त्याच जिनिंगमध्ये फिटर आहे. गेल्या वर्षी त्याच्या आयुष्यात एकाच वर्षात दोन हंगाम आले. इकडे पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, मशीन गार पडलेली असतात, फिटर बसून असतात. तिकडे आफ्रिकेत, टांझानियात, नेमका तेव्हाच कापूस निघतो. आमच्या कंपनीनं तिथल्या मोठ्या सरोवराकाठी एक जिनिंग चालवायला घेतलं आहे. बसलेला माणूस उचलायचा, तिकडचा हंगाम काढून घ्यायचा आणि दिवाळीच्या आत परत आणून इकडच्या हंगामाला जुंपायचा, असा तो हिशेब. बैलजोडी दोन शेतांत भाड्यानं फिरवावी तसा.

जायच्या आधी त्याला नागपूरच्या एका हॉटेलात नेऊन दिवसभर शिकवलं. परत आला तेव्हा आई, मी आणि दादाची लेक ओसरीवर त्याच्याभोवती जमलो.

“काय शिकवलं?” मी विचारलं.

“काटा-चमच्यानं कसं खाचं थे शिकवलं,” दादा बूट काढत म्हणाला. “अन् टाय कशी बांधाची. आता सांग, टाय बांधून कोणत्या मशीनपाशी जाऊ मी? रोलरमंदी टाय गेली तं तिच्यासंग मीबी रुई होऊन निंघन.”

“अजून?”

“अजून म्हणे, तिथल्या लोकायच्या भानगडीत पडू नका. कोणी काही मांगतलं तं हो म्हणू नका, वर कळवा. अन् राजकारण बोलू नका.”

“थे तं तुम्हाले इथंच येते,” वहिनी आतून चहाची गाळणी आपटत म्हणाली. “लग्न झाल्यापासून पाहून राह्यली मी. साहेबापुढे तुमच्या तोंडातून ‘हो सर’ सोडून काही निंघालं नाई. तुम्ही तं शिकाच्या आधीच पास!”

दादा हसला. वहिनीच्या टोमण्यावर तो नेहमी हसतो, कारण टोमणा नेहमी खरा असतो.

त्याला दिलेल्या चकचकीत पुस्तिकेत परदेशात यशस्वी होणाऱ्या कर्मचाऱ्याचे गुण छापले होते. लवचीकपणा. संयम. सहनशक्ती. तक्रार न करता जुळवून घेण्याची वृत्ती. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. हे सगळे गुण बैलात असतात. बैलाला परदेशी पाठवत नाहीत, कारण त्याला रोलर बदलता येत नाही, एवढंच.

दादाच्या आधीच्या वर्षी कंपनीनं बोरगाव मेघेच्या एका मुलाला तिथं पाठवलं होतं. नितीन त्याचं नाव. तो हंगाम अर्धा टाकून परत आला आणि ‘टिकला नाही’ हा शिक्का त्याच्यावर बसला. दादा जायच्या आधी मी मुद्दाम त्याच्याकडे गेले. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एका उघड्या फोनवर वाकून, माझ्याकडे न पाहता तो बोलला.

“कामाचं काही नव्हतं ताई. काम येत होतं मले. पण दिवस मावळला का फाटक बंद. कंपाउंडाच्या बाहेर जाचं नाई म्हणून सही घेतलेली. बंगल्यात मी अन् भिंत. मी म्हटलं, बायकोले आणू का? तं म्हणे, हे पिकनिक नाई. भिंतीसंग मानूस किती दिवस बोलते? एक दिवस भिंतच बोलाले लागली तं मी बॅग भरली.”

“कंपनीनं काय विचारलं, आल्यावर?”

“विचारलं ना. पासपोर्ट कुठी हाय, म्हणून.”

एवढं सांगून त्यानं फोनची पाठ बंद केली आणि पहिल्यांदा वर पाहिलं. “तुमच्या भावाले सांगजो,” तो म्हणाला, “कोणाच्या तरी घरी जेवाले जाजो म्हणा. सही गेली खड्ड्यात.”

नागपूरच्या हॉटेलातल्या दिवसभराच्या शिकवणीत हे एक वाक्य नव्हतं. ज्याला अपयशी ठरवून काढून टाकलं, त्याच्याकडे ते होतं. त्याला कोणी बोलावलंच नाही.

आषाढात दादा गेला. बॅगेत वहिनीनं तिखट, जवसाची चटणी आणि पापड भरले. वेगळ्या गाठोड्यात मलमलची कव्हरं होती. त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

जिनिंगमध्ये मशीन चालू-बंद करणाऱ्या विजेच्या पेट्या असतात. हवेतलं ते पांढरं बारीक त्यांच्यात शिरलं की ठिणगी पडायची भीती. म्हणून आमच्याकडे पेट्यांना मलमलचं कव्हर घालतात, चारी कोपऱ्यांना बांधायला बंद. हे कव्हर आमची आई शिवते. कंपनी कापडाचा तागा पाठवते, आई मशीनवर बसते, काठाला लाल पट्टी लावते. लाल पट्टी तिची हौस, कंपनीनं कधी सांगितलेली नाही. शेडमधलं काम सुटल्यावरही हे शिवण्याचं काम तिच्याकडे राहिलं. त्या आषाढात टांझानियासाठी ती कव्हरं शिवत होती. पावसाच्या आवाजात शिलाई मशीनचा आवाज मिसळायचा आणि दोन्हींना भेदून खोकला यायचा. खोकला आला की ती शिवण थांबवायची, पदर तोंडाशी धरायची, ओसरला की पुन्हा पायडलवर पाय ठेवायची. मी समोर बसून वाचत असायचे. आम्हा दोघींपैकी कोणालाही त्या दृश्यात काही वावगं दिसलं नाही.

दादा तिथं पोचला. पहिल्या आठवड्यात त्यानं शेडमध्ये गाठोडं सोडलं आणि कव्हरं एका बाकावर रचून ठेवली. मशीनवर काम करणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीतून परत येत होत्या. त्यांच्यात एक वयस्कर बाई होती, मामा नेमा. तिथं बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात. ‘मामा’ म्हणजे आई, नेमाची आई म्हणून मामा नेमा. दादाला हे शिकावं लागलं नाही. आमच्या आईला अख्खी गल्ली ‘प्रशांतची माय’ म्हणते, तिचं स्वतःचं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत आहे.

मामा नेमा बाकापाशी थांबली. तिनं एक कव्हर उचललं, बोटांत चोळून पाहिलं, नाकाशी धरलं. मग दुहेरी घडी केली, तोंडावर ठेवली आणि बंद मानेमागे बांधले. एक खोल श्वास घेतला. दादाकडे पाहून मान झुकवली आणि आभार मानले. तिच्या मागच्या बाईनं दुसरं उचललं. मग तिसरीनं. बघता बघता बाक रिकामा झाला आणि शेडभर लाल काठाची पांढरी तोंडं दिसायला लागली.

“माह्या ओठावर आलं होतं,” दादानं फोनवर सांगितलं, “का थे मशीनचं हाय. पेट्याइचं हाय. पण त्या बायकाइले वाटलं, एवढ्या दुरून त्याइच्यासाठी कोणी तरी शिवून पाठवलं. थ्या हासून राह्यल्या होत्या माय. कपड्याच्या आतून, डोळ्यानं. मी कोणत्या तोंडानं सांगू का वापस द्या, पेटीले घालाचं हाय?”

फोन स्पीकरवर होता. वहिनी भाजी चिरायची थांबली. आई फोनजवळ सरकली. मग म्हणाली, “इतके वर्स मी थ्या पेट्याइचे कपडे शिवले. इथंच बसून. खोकत खोकत शिवले. एक डाव माह्या मनात नाई आलं रे, का एक आपल्या तोंडाले बांधून पाहावं.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. साहेबानं हात धरला नव्हता. कापड तिच्या मांडीवर होतं, बंद तिच्या हातात होते. पण ते मशीनचं होतं. मशीनच्या वस्तूवर आपला हक्क नसतो हे आमच्या हाडात इतकं मुरलं आहे की मनाई करायला माणूस ठेवावा लागत नाही. ज्या बायकांना हे मुरवलेलं नव्हतं, त्यांनी ते कापड पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. शोषण हा शब्द मला शाळेत जायच्या आधी लिहिता येत होता. आणि माझ्या आईच्या शिलाई मशीनसमोर बसून मी पुस्तक वाचत होते.

त्यानंतर दादाला आवरणं कठीण झालं. एवढे दिवस ‘हो सर’ म्हणणारा माणूस तिथं जाऊन दुसराच निघाला. नितीनचा निरोप त्यानं ऐकला होता. फाटकाची सही खड्ड्यात घालून तो मामा नेमाच्या घरी जेवायला जायला लागला. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तो बोटांनी तोडून पालेभाजीत बुडवायचा. “आपल्या ज्वारीच्या कण्याइची मावसबहीण हाय,” असं त्याचं मत पडलं. त्यांच्यात धाकट्यानं थोरल्याला भेटताच पाया पडण्याच्या अर्थाचा नमस्कार घालायचा असतो. कामाचं बोलायच्या आधी घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायची असते. हे सगळं दादा पापडासारखं इथूनच घेऊन गेला होता. कंपनीनं मात्र त्याला टाय बांधायला शिकवलं होतं.

तिथं बंद पडलेल्या एका शेडमध्ये हवा बाहेर फेकणारे जुने पंखे गंजत पडले होते. दादानं ते उतरवले, साफ केले, पत्र्याचा नळ करून घेतला आणि चालू शेडच्या छताला बसवले. वर कळवलं नाही. आधी बसवले, मग कळवलं. शेडमधलं धुकं विरळ झालं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं, असं तो सांगायचा. बायका आजारी पडून घरी राहायच्या त्या यायला लागल्या. मशीन थांबेनात. रुईच्या गाठी वेळेवर बाहेर पडल्या. तेवढ्यात परदेशातले खरेदीदार कारखाना बघायला आले. त्यांनी पंखे पाहिले, बायकांच्या तोंडावरचं कापड पाहिलं आणि ते खूश होऊन गेले. कंपनीला पुढच्या वर्षीच्या मालाची ऑर्डर तिथल्या तिथं मिळाली.

म्हणजे दादा यशस्वी झाला. कशामुळे, ते मी वर लिहिलं आहे. त्याला सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यानं मोडली म्हणून.

दिवाळीच्या आधी तो परत आला. गल्लीतल्या लोकांनी त्याला घेरलं. सेंटची बाटली आणली का? तिथं सिंह दिसते का? एकानं विचारलं, “काऊन रे, गोरा नाई झाला तू?” वहिनीनं परस्पर उत्तर दिलं, “आफ्रिकेत गेलते थे, भाऊजी, धोब्याच्या भट्टीत नाई.” तिथं काय पाहिलंस, काय केलंस, हे कोणी विचारलं नाही. कंपनीनंही नाही.

कंपनीनं सत्कार मात्र केला. जिनिंगच्या आवारात मांडव घातला, हंगामाचा मुहूर्त आणि सत्कार एकाच दिवशी उरकला. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, रोलरला हार घातला. मग मोठे साहेब माइकपाशी आले. परदेशातल्या यशाचं गमक काय, यावर ते बोलले. कंपनीचं प्रशिक्षण. कंपनीची शिस्त. कंपनीचा विश्वास. प्रत्येक वाक्यात कंपनी होती. दादा शाल पांघरून, मांडीवर नारळ ठेवून बसला होता, नवरदेवाच्या धाकट्या भावासारखा. शेवटी साहेब म्हणाले, “बोल प्रशांत, दोन शब्द बोल.”

दादा उठला. माइक त्याच्या उंचीला फार वर होता, तो त्यानं खाली ओढला नाही.

“तिथं पंखे बसवले आपण,” तो म्हणाला. “इथंबी बसवा सर. माही माय याच शेडमंदी होती. आता घरची बाई हाय. मी बसवून देतो, मजुरी नका देऊ. फक्त पंखे आणून द्या.”

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. साहेब हसले. “प्रशांत आपला भलताच भावुक झालाय,” ते म्हणाले आणि चहाची घोषणा केली.

नंतर ऑफिसात त्याला समजावून सांगितलं गेलं. दादानं ते घरी येऊन जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “अरे बाबा, तिकडची गोष्ट वेगळी. तिकडे बाहेरचे खरेदीदार बघायला येतात. इथं कोण बघायला येतं?”

इथं कोण बघायला येतं. या वाक्यात माझा जिल्हा आहे, माझी गल्ली आहे, माझ्या आईची छाती आहे.

तो हंगाम तसाच गेला. पंखे पुढच्या महिन्यात येणार होते, मग संक्रांतीनंतर, मग बजेट झाल्यावर. फाल्गुनात पळस फुलला, शेवटच्या गाड्या रिकाम्या झाल्या, मशीन थांबली. ऑफिसच्या भिंतीवर मात्र एक मोठा रंगीत फोटो लागला. टांझानियातली शेड, छताला पंखे, खाली मामा नेमा आणि तिच्या सोबतिणी, तोंडावर लाल काठाचं पांढरं कापड. खाली लिहिलं होतं, आम्ही माणसांची काळजी घेतो. पगार घ्यायला गेलेल्या वहिनीनं तो फोटो पाहिला.

“सासूबाईची शिलाई मी लंबूनच वळखली,” ती घरी येऊन म्हणाली. “काळजी फोटोत हाय. खोकला शेडमंदी हाय.” आणि ती खोकली. मुद्दाम नाही. तोवर तिचाही सुरू झाला होता, हंगामापुरता. आम्हाला तो आवाज ओळखीचा होता. तो कसा सुरू होतो आणि पुढे कुठे जातो, हे आमच्या घराला पाठ आहे.

या वर्षी आषाढ आला तसा साहेबांचा निरोप आला. प्रशांत यशस्वी माणूस आहे, त्यालाच पुन्हा पाठवायचं. आईकडे कापडाचा तागाही आला. तिनं कव्हरं शिवायला घेतली. दादानं ऑफिसात जाऊन सांगितलं, आधी इथं पंखे, मग मी तिथं. साहेब म्हणाले, आधी जाऊन ये, मग बघू. दादा म्हणाला, मी बघून आलो सर, आता तुम्ही बघा.

घरी येऊन तो बराच वेळ हातपाय धूत राहिला. न जाण्याचा अर्थ त्याला कळत होता. वहिनीलाही कळत होता. तिनं टॉवेल पुढे केला आणि म्हणाली, “बाप्पा! हो सर सोडून दुसरं बोलता येते म्हणाचं तुम्हाले. मले वाटलं थे तिकडंच विसरून आले तुम्ही.”

त्याच्या जागी दुसरा माणूस गेला. पुस्तिकेतले सगळे गुण त्याच्यात आहेत म्हणे. घाईत गेला, कव्हरांचं गाठोडं आमच्याकडेच राहिलं. कोणी मागितलंही नाही. आणि दादाला फिटरच्या कामावरून काढून आवारात उभं केलं, कापसाच्या गाड्या आत-बाहेर करायला. मशीनला हात लावायचा नाही. परदेशात यशस्वी झालेल्या माणसाचं मायदेशी काय होतं, हे कुठल्या पुस्तिकेत छापलेलं असेल तर मला जरूर दाखवा.

आता या आठवड्यातली गोष्ट. मुहूर्त झाला, हार झाला, नारळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कामाला निघाली तेव्हा तिच्या काखेत ते गाठोडं होतं. आईनं विचारलं नाही, आईनंच ते तिच्या हातात दिलं होतं. शेडच्या दारात वहिनीनं गाठ सोडली आणि प्रत्येक बाईला एक एक कव्हर दिलं. मशीन सुरू झाली तेव्हा सगळ्या तोंडांवर लाल काठाचं पांढरं कापड होतं. भिंतीवरच्या फोटोतली शेड खाली उतरून आल्यासारखी.

साहेब आले. क्षणभर त्यांना कळेना. मग कळलं.

“काढा ती!” ते मशीनच्या आवाजावर ओरडले. “मशीनची कव्हरं आहेत ती!”

वहिनीनं कापूस सारणारा हात थांबवला नाही. कापडाच्या आतूनच म्हणाली, “मशीनले खोकला येत नाई साहेब.”

शेजारची बाई हसली. मग तिच्या पलीकडची. कापडामागचं हसू डोळ्यांतच दिसतं. बाहेर आवारात, गाडीवरच्या कापसाच्या ढिगाशी उभा असलेला दादा ते दारातून पाहत होता. त्यानं मला सांगितलं, मी सांगितलं आईला. आईनं एवढंच विचारलं. “लाल काठ उठून दिसत असन नाई?”

कापड कोणी काढलं नाही. पण मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगत नाहीये. मलमल म्हणजे पंखा नव्हे. धूळ कापडातून जाते, उशिरा जाते एवढंच. शेडच्या छताला अजून काही नाही. हंगाम आत्ता कुठे लागला आहे, फाल्गुनापर्यंत चालेल. रोज संध्याकाळी वहिनी अंगणात उभी राहून केस झटकते, पदर झटकते, भुवया झटकते. काल तिची लेक दारात बसून ते पाहत होती. तिला काय वाटत असेल, मला माहीत आहे. लहानपणी मीही तिच्या जागी बसले आहे. वारसाहक्कानं मिळणाऱ्या शेडमधल्या त्या जागेपर्यंत ही मुलगी पोचू नये, एवढीच आमच्या घराची या हंगामातली लढाई आहे.

म्हणून विनंती. परदेशातून काम करून आलेला माणूस तुम्हाला भेटला तर त्याला काय आणलंस ते विचारू नका. तिथं काय पाहिलंस आणि ते इथं का नाही, हे विचारा. आणि उत्तर ऐकून घरी बसू नका. हिंगणघाट असो, आर्वी असो, तुमच्या जवळचं कुठलंही जिनिंग असो, या हंगामात एकदा त्याच्या फाटकाशी जा. आत जाऊन मान वर करून छताकडे पाहा. पंखे नसतील तर ते कधी बसणार, हे मोठ्यानं विचारा. कोणी अडवलं तर सांगा, आम्ही बघायला आलो आहोत.

इथं कोण बघायला येतं, असं ते म्हणतात. तुम्ही येजो.